कासचे फोटो नेटवर टाकायचे पण हक्क सोडायचा नाही, कसं जमवता?

पठारवेडा
मंडळी, धागा काढायचं कारण सांगतो. मागच्या सीझनला साताऱ्याजवळच्या कास पठारावर काढलेला माझा एक फोटो आहे, पुढं सीतेची आसवं ही फुलं आणि मागं धुक्यात अर्धा दिसणारा तलाव. तो मी इन्स्टावर टाकलेला आणि इथं फुलांच्या धाग्यावर पण टाकलेला. आता तोच फोटो एका रिसॉर्टच्या पेजवर आहे, त्यांच्या बुकिंगच्या जाहिरातीत आहे आणि परवा येताना बघतोय तर रस्त्याकडेच्या भल्यामोठ्या फ्लेक्सवर पण तोच. कोपऱ्यात माझं नाव होतं तेवढा कोपरा बरोबर कापलाय. रिसॉर्टचं नाव लिहीत नाही, उगा अॅडमिनच्या डोक्याला ताप नको.

मला विचारायचंय ते असं की तुम्ही लोक फोटो टाकताना काय काळजी घेता? आणि हात जोडून विनंती, "मग टाकूच नका ना" हा सल्ला कुणी देऊ नका. फुलं वर्षातनं दीड दोन महिने असतात, टोपली कारवी तर सात आठ वर्षांनी एकदा फुलते, तिचे फोटो हार्डडिस्कमधे कोंडून मी काय लोणचं घालू का. लोकांनी बघावेत म्हणूनच काढतो. फक्त बघावेत आणि विकावेत यात फरक आहे एवढंच माझं म्हणणं.

कंदीपेढा
पहिला पेढा माझा 😄
भावा तुझा निदान रिसॉर्टवाल्यानं घेतला. माझा अजिंक्यताऱ्यावरनं काढलेला रात्रीचा सातारा एका वाढदिवसाच्या फ्लेक्सवर होता, वर भाऊंचा गॉगल घातलेला फोटो, खाली शुभेच्छुक म्हणून तीस जणांची मुंडकी आणि मधनं माझं शहर. त्या तिसातला एक माझा शाळूसोबती, त्याला म्हटलं अरे हा फोटो माझाय, तर म्हणतो मग तुझं पण मुंडकं टाकलं असतं की, आधी सांगायचंस.

पोवईनाका
टाकूच नका ना.
(पळतो)

कृष्णाकाठ
वाईकर इथे. मी रोलच्या जमान्यातला माणूस, वर्तमानपत्रांना फोटो पुरवायचो. तेव्हा भांडण झालं तर एकच प्रश्न असायचा, निगेटिव्ह कुणाकडं आहे? प्रिंट शंभर जणांकडं असायच्या, निगेटिव्ह एकाकडंच. आत्ताच्या पोरांना मी हेच सांगतो की बाबांनो रॉ फाईल, म्हणजे कॅमेऱ्यानं न दाबता साठवलेली मूळ फाईल, ही तुमची निगेटिव्ह, ती कुणाला देऊ नका आणि डिलीट पण करू नका. नुसती ती एकच नाही, त्या फ्रेमच्या आधीची मागची चार सहा क्लिक पण ठेवा, जी वाईट आली म्हणून तुम्ही उडवता. चोराकडं तुमचा चांगला फोटो असतो, त्याच्या आधीचा हललेला फोटो त्याच्याकडं कुठनं येणार?

मोबाईलवर काढत असाल तर मूळ फाईल गुगल फोटोजवर ओरिजिनल क्वालिटीत जाऊ द्या, स्टोरेज सेव्हरमधे दाबलेली नको.

उंटावरचा_शहाणा
+१ काका. मी आयटीवाला, मूळचा कोरेगावचा आता पुण्यात, त्यामुळं टेक्निकल बाजू मी घेतो.

फोटोच्या फाईलमधे चित्राबरोबर माहितीपण असते. एक एक्झिफ, म्हणजे कॅमेरा कुठला, लेन्स कुठली, तारीख, वेळ, जीपीएस चालू असेल तर जागा. दुसरं आयपीटीसी, त्यात आपण स्वतः नाव, कॉपीराईटची ओळ, संपर्क भरू शकतो. बहुतेक डीएसएलआर आणि मिररलेस कॅमेऱ्यांच्या मेनूत कॉपीराईट इन्फर्मेशन म्हणून जागा असते, तिथं एकदा नाव घातलं की पुढच्या प्रत्येक क्लिकला ते आपोआप चिकटतं. निम्म्या लोकांनी हा मेनू उघडलेला नसतो, आज जाऊन उघडा.

पण व्हॉट्सॅपवर साधा फोटो म्हणून पाठवला की ही सगळी माहिती झडून जाते. कुणाला मूळ फाईल द्यायची असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, मग राहते. आणि नेमकं उलटं, घरचा किंवा पोराबाळांचा फोटो अनोळखी माणसाला डॉक्युमेंट म्हणून पाठवलात तर घराचं लोकेशनपण गेलं हे लक्षात ठेवा.

साईजचं बोलायचं तर इन्स्टावर १०८० पिक्सेल रुंदीचा फोटो जातो. छापायला ३०० डीपीआय धरा, म्हणजे एका इंचात ३०० ठिपके, १०८० ला ३०० नं भागा, साडेतीन इंचाच्या थोडं वर. म्हणजे त्यातनं चांगलं कॅलेंडर किंवा ब्रोशर निघत नाही. फ्लेक्सचं मात्र तसं नाही, फ्लेक्स लांबनं बघायचा असतो, तो कमी डीपीआयवर छापतात, फुटलेला असला तरी कुणाला काय फरक पडतो. त्यामुळं छोटा फोटो टाकला म्हणजे सुटलो हे आपल्याकडं खरं नाही, आपल्याकडं फ्लेक्स हेच मुख्य वृत्तपत्र आहे.

पठारवेडा
@उंटावरचा_शहाणा म्हणजे माझी मूळ फाईल त्यांच्याकडं नाहीच, इन्स्टाचीच ओढून ताणून छापलीय. तरीच फुलं ढोकळ्यासारखी दिसत होती.
वॉटरमार्कचं काय? मधोमध टाकू का आता?

उंटावरचा_शहाणा
मधोमध टाकलास तर मीच तुला अनफॉलो करीन.

वॉटरमार्कची गंमत ऐक. २०१७ ला गुगलच्याच संशोधकांनी दाखवून दिलेलं की एकच वॉटरमार्क तुम्ही शेकडो फोटोंवर तसाच्या तसा लावला, की ते सगळे फोटो एकत्र घेऊन कॉम्प्युटर वॉटरमार्क नेमका कसा आहे ते शोधतो आणि सगळ्यांवरनं पुसतो. त्यांनीच उपाय पण दिलेला, की प्रत्येक फोटोवर वॉटरमार्क थोडा वेडावाकडा करा, मग पुसलं तरी खुणा राहतात. ही झाली २०१७ ची गोष्ट, आता तर फुकटच्या अॅपमधे बोट फिरवलं की कोपऱ्यातलं नाव गायब. मी तरी वॉटरमार्क कुलूप म्हणून लावत नाही, पाटी म्हणून लावतो. ज्याला विचारायचंय त्याला कुणाला विचारायचं ते कळतं, बास. छोटं, पण कापलं तर फोटोची चौकट बिघडेल अशा जागी, कोपऱ्यात नाही.

आणखी एक, गुगल इमेजेसमधे २०२० पासून फोटोवर लायसन्सेबल असा छोटा बिल्ला दिसतो. तुमची स्वतःची वेबसाईट असेल आणि फोटोत लायसन्सची लिंक भरली असेल तर तो येतो, फोटो उघडला की परवानगी कुठं मागायची त्याची लिंक दिसते. इन्स्टावाल्यांना त्याचा उपयोग नाही.

काळाकोट
जिल्हा कोर्टात प्रॅक्टिस करतो. वकील आहे पण तुमचा नाही, म्हणजे वकीलपत्र घेतलेलं नाही, त्यामुळं हे धाग्यापुरतं समजा.

पहिली गोष्ट, कॉपीराईट मिळवावा लागत नाही. १९५७ च्या आपल्या कॉपीराईट कायद्यात फोटो ही कलाकृती आहे आणि फोटोचा कर्ता म्हणजे तो काढणारा माणूस. शटर दाबलं की हक्क आला. रजिस्ट्रेशन सक्तीचं नाही, पण केलेलं असलं तर कोर्टात पुरावा म्हणून उभं राहायला बरं पडतं, साध्या कलाकृतीला फी ५०० रुपये आहे, अर्ज ऑनलाईन होतो आणि अर्जानंतर कुणाची हरकत येते का बघायला ३० दिवस थांबतात. सगळ्या फोटोंचं करत बसू नका, जे फोटो विकले जातात किंवा चोरले जातात त्यांचं करा. मुदत पूर्वी फोटो प्रसिद्ध झाल्यापासून ६० वर्षं होती, २०१२ च्या दुरुस्तीनं ती काढणाऱ्याच्या हयातीपर्यंत आणि त्यानंतर ६० वर्षं झाली. म्हणजे पठारवेडा, तुमची नातवंडं पण त्या रिसॉर्टशी भांडू शकतात.

दुसरी, "इन्स्टावर होता म्हणून घेतला" हा बचाव नाही. इन्स्टाच्या अटी वाचा, मालकी तुमचीच राहते, तुम्ही कंपनीला फोटो वापरायचं बिनपैशाचं, जगभराचं लायसन्स देता. ते लायसन्स इन्स्टाला दिलंय, रिसॉर्टला नाही. यावर अमेरिकेतला एक खटला सांगण्यासारखा आहे. २०१० ला हैतीत भूकंप झाला, डॅनियल मोरेल नावाच्या फोटोग्राफरनं तिथले फोटो ट्विटरवरनं टाकले, एएफपी या बातमीसंस्थेनं ते उचलले आणि गेटी या फोटो विकणाऱ्या कंपनीमार्फत जगभर गेले. त्यांचं म्हणणं होतं ट्विटरच्या अटींमुळं आम्हाला चालतं. कोर्टानं ते मानलं नाही आणि २०१३ मधे ज्युरीनं १२ लाख डॉलर द्यायला लावले. आपल्याकडं एवढे आकडे कोर्टातनं निघत नाहीत, स्वप्नं बघू नका, पण मुद्दा तोच.

तिसरी, आणि ही फार कमी जणांना माहीत असते. कॉपीराईटचा दावा तुम्ही जिथं राहता किंवा धंदा करता तिथल्या जिल्हा कोर्टात लावता येतो, कलम ६२. समोरची कंपनी मुंबईची असो नाहीतर दिल्लीची, त्यानं साताऱ्याला यायचं.

कोपरा कापल्याबद्दल, कलम ५७ नं कर्ता म्हणून नाव सांगायचा हक्क तुमचाय, तो कॉपीराईट विकला तरी राहतो. आणि फोटोतली मालकीची माहिती जाणूनबुजून काढली तर २०१२ पासून ६५ बी खाली तो वेगळा गुन्हा आहे. जाणूनबुजून हे सिद्ध करावं लागतं, मशीननं आपोआप कापलं म्हणतील, पण नोटिशीत हे कलम घातलं की समोरच्याचा आवाज जरा खाली येतो हा अनुभव.

स्टुडिओवाला_कराड
वकीलसाहेब झकास माहिती. हेच मी पार्ट्यांना सांगून थकलो की फोटो मी काढला म्हणजे फोटो माझा. नवरानवरी म्हणतात आमचे फोटो पेजवरनं काढा, अरे म्हटलं कॅमेरा माझा, लाईट माझी, एडिट माझं, आणि कॉपीराईट तुमचा कसा काय.

काळाकोट
त्यांचाच. 🙂

कलम १७ वाचा. पैसे देऊन, कुणाच्या सांगण्यावरनं फोटो काढला असेल तर वेगळा करार नसताना पहिला मालक तो फोटो काढून घेणारा. लग्न, बारसं, मुंज, दुकानाच्या उद्घाटनाचे फोटो, सगळं यात आलं. पठारवेड्यानं कासला स्वतःच्या हौसेनं काढलेला फोटो त्याचा. तुम्ही ऑर्डर घेऊन काढलेला लग्नाचा फोटो पार्टीचा.

स्टुडिओवाला_कराड
आयला 😳
पण माझ्या पावतीच्या मागं छापलंय की, सर्व हक्क स्टुडिओकडे राखीव.

काळाकोट
पावती कधी देता?

स्टुडिओवाला_कराड
पैसे आल्यावर

काळाकोट
मग काम झाल्यावर हातात दिलेल्या कागदामागची बारीक अक्षरं करार म्हणून टिकवणं अवघड आहे. करार आधी, सहीसकट.

रानजाई
मी या धाग्यावर नुसती वाचत होते पण आता लिहिते. माझ्या धाकट्या बहिणीच्या हळदीतला फोटो एका स्टुडिओनं (कराडचा नाही, तुम्ही नाही दादा) लग्नाच्या प्रदर्शनात स्टॉलवर लावला, माणसाच्या उंचीचा. आम्हाला कळलं कसं तर सासरच्यांच्या नात्यातलं कुणीतरी तिथं गेलं आणि घरी येऊन म्हणालं तुमची सून मॉडेलिंग करते का. चेष्टेतच म्हणाले पण ती पोरगी दोन दिवस रडत होती. फोन केला तर स्टुडिओवाला म्हणाला फोटो चांगला आलाय म्हणून लावला, तुम्हाला अभिमान वाटायला पाहिजे. पैसे पूर्ण आम्ही दिलेले, एक रुपया सोडलेला नाही.

तुम्ही सगळे फोटो काढणाऱ्याच्या हक्काचं बोलताय ते बरोबरच आहे, पण फोटोत जी आहे तिचं काय?

काळाकोट
रानजाई, तुमच्या बाबतीत दोन्ही बाजूंनी तुमचंच बरोबर आहे. कॉपीराईट पैसे देणाऱ्याचा, आणि चेहरा तिचा. १९९४ ला राजगोपाल खटल्यात सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की माणसाचं नाव किंवा चेहरा त्याच्या संमतीशिवाय जाहिरातीला वापरणं हा त्याच्या खाजगीपणाचा भंग आहे. स्टॉलवरचं पोस्टर ही जाहिरातच. लेखी कळवा, साध्या ईमेलनं कळवा, पण लेखी. फोनवर अभिमानावर भाषण ऐकून घेत बसू नका.

स्टुडिओवाला_कराड
ताई वाचून वाईट वाटलं. पण आमची बाजू पण ऐका, नवीन गिऱ्हाईक जुनं काम बघूनच येतं, फोटो दाखवायचेच नाहीत तर धंदा करायचा कसा? अल्बम दुकानात बघायला लोक येत नाहीत आता, इन्स्टावर बघून थेट तारीख विचारतात.

रानजाई
दाखवा की, कोण नाही म्हणतंय. फक्त आधी विचारा. आणि विचारताना नवरदेवाच्या मामाला नका विचारू, जिचा फोटो आहे तिला विचारा.

काळाकोट
+१. बुकिंगच्या कागदावर तीन ओळी वाढवा. पेजवर टाकू का, चेहरा दिसेल असा टाकू का, बोर्ड फ्लेक्स स्टॉलवर लावू का. प्रत्येकापुढं हो किंवा नाही आणि दोघांच्या सह्या. बहुतेक लोक पहिल्याला हो म्हणतील, तिसऱ्याला नाही म्हणतील, तुमचं काम पहिल्यावर भागतं.

कृष्णाकाठ
चेहऱ्यावरनं आठवलं. बावधनच्या बगाडाला रंगपंचमीला मी कित्येक वर्षं गेलोय, गर्दीतले चेहरे काढलेत, एकेक म्हातारा असा की फेटा आणि सुरकुत्या बघून कॅमेरा आपोआप वर यावा. बातमीला तो फोटो चालतो, यात्रा सार्वजनिक, रिपोर्टिंग आहे. पण त्याच म्हाताऱ्याचा फोटो तंबाखूच्या पुडीवर गेला तर? बाहेरच्या स्टॉक साईटी, म्हणजे तयार फोटो विकणाऱ्या, म्हणूनच मॉडेल रिलीज मागतात, ओळखू येणाऱ्या माणसाची सही असलेला कागद. आपल्याकडची पोरं म्हणतात काका एवढ्या गर्दीत सही कुठं घेत बसू. मग जाहिरातीला विकू नका, एवढं साधं आहे.

मी तर गावात पुढच्या वर्षी जाताना प्रिंट घेऊन जायचो आणि ज्याचा त्याला द्यायचो. कायद्यात नसेल बसत, पण दारं उघडी राहायची.

कंदीपेढा
अवांतर: महाबळेश्वरला माकडानं मोबाईल पळवून सेल्फी काढला तर मालक कोण, माकड का मोबाईलवाला?

काळाकोट
हसण्यावारी नेऊ नका, हा खटला झालाय. इंडोनेशियात २०११ साली डेव्हिड स्लेटर नावाच्या फोटोग्राफरच्या कॅमेऱ्यावर माकडानं सेल्फी काढलेला. अमेरिकेच्या कॉपीराईट ऑफिसनं सांगितलं जनावरानं काढलेला फोटो आम्ही नोंदवत नाही, नंतर प्राणीमित्र संघटना माकडाच्या वतीनं कोर्टात गेली आणि हरली.

कंदीपेढा
म्हणजे मोबाईल पण गेला, फोटो पण गेला.

बारामोट
थोडा वेगळा सूर लावतो. मी लिंबचा, आमच्या बारामोटेच्या विहिरीचे फोटो मी मुद्दाम मोकळे सोडलेत, विकिमीडिया कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियावाल्यांच्या मोकळ्या फोटोंच्या साठ्यात. कारण माझा उद्देशच तो होता की कुणीही विहिरीबद्दल लिहिलं तर चांगला फोटो मिळावा, नाहीतर लोक कुठल्या तरी राजस्थानच्या बावडीचा फोटो लावतात. आता शाळेच्या प्रोजेक्टपासनं ब्लॉगपर्यंत सगळीकडं दिसतो आणि खाली माझं नाव असतं, कारण लायसन्सच तसं दिलंय, नाव द्या आणि वापरा.

पण करण्याआधी नीट समजून करा. क्रिएटिव्ह कॉमन्स, म्हणजे सगळ्यांना आधीच परवानगी देणारी तयार लायसन्सं, त्याचे प्रकार आहेत. नुसतं नाव द्या असा एक, नाव द्या आणि तुम्ही बदल करून केलेलं पण असंच मोकळं ठेवा असा एक, धंद्याला वापरू नका असा एक, बदल करू नका असा एक. कॉमन्सवर शेवटचे दोन चालत नाहीत, तिथं टाकलं म्हणजे रिसॉर्टवाला पण नाव देऊन वापरू शकतो, कायदेशीर. आणि एकदा दिलेलं लायसन्स मागं घेता येत नाही. उद्या मन बदललं तरी ज्यानं आधी घेतलाय त्याला थांबवता येत नाही. म्हणून माझी विभागणी अशी, विहीर, घाट, देऊळ, जे गावाचं आहे ते मोकळं, आणि ज्यासाठी मी पहाटे चारला उठून पावसात बसलोय ते माझं.

पठारवेडा
@बारामोट ही विभागणी आवडली. माझं सगळंच पहाटे चारचं आहे हा प्रॉब्लेम.

रानजाई
एक प्रश्न, हक्काचा नाही पण जवळचाच. कासच्या फोटोंवर लोकेशन टाकू नये असं आमच्या वनस्पतीशास्त्राच्या मॅडम सांगायच्या. ते अजून खरंय का?

पठारवेडा
शंभर टक्के. तेरडा, गेंद, मिकी माऊस या फुलांचं लोकेशन कास म्हणून टाकलं तर काय बिघडत नाही, अख्खं पठार भरलेलं असतं. पण कंदीलपुष्पाचा फोटो टाकताना मी जीपीएस काढतो आणि कॅप्शनला "सातारा जिल्हा" एवढंच लिहितो. त्याच्या खाली कंद असतो, लोक उकरून नेतात, आणि तो एकेका जागी मोजकाच असतो. मागं एकदा एका ग्रुपवर कुणीतरी अचूक पिन टाकलेला, आठवड्यात तिथं पायवाट पडली. २०१२ ला युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत कासचं नाव आल्यापासनं गर्दी तशीच वाढलीय, त्यात आपण पिन कशाला द्यायचा. जागा सांगायची का नाही हा पण फोटोवरचा ताबाच झाला की.

माणदेशी
एआयबद्दल कुणीच बोललं नाही. आपण टाकलेले पब्लिक फोटो कंपन्या मॉडेल शिकवायला वापरतात, इन्स्टाच्या मालक कंपनीनं, मेटानं, तर हे जाहीरच सांगितलंय. त्याचं काय करायचं?

उंटावरचा_शहाणा
खरं सांगू? फार काही हातात नाही. युरोपातल्या लोकांना हरकत घ्यायचा फॉर्म मिळतो. अकाउंट प्रायव्हेट ठेवलं तर पब्लिक पोस्टमधे मोजलं जात नाही, पण मग पठारवेड्याला जे पाहिजे, लोकांनी बघावं, ते होत नाही. मी पोरांचे आणि घरचे फोटो प्रायव्हेट केलेत, डोंगराचे पब्लिक. डोंगराला काय फरक पडत नाही.

पठारवेडा
बरं, आता माझ्या रिसॉर्टवर या. आधी काय करू, इन्स्टाला रिपोर्ट, का नोटीस, का नुसता मेसेज?

काळाकोट
आधी पुरावा. रिपोर्ट केलात की पोस्ट उडते आणि तुमच्या हातात काही राहत नाही. पेजचा स्क्रीनशॉट घ्या ज्यात लिंक, तारीख, जाहिरातीचे शब्द सगळं दिसतंय. वेबसाईटवर असेल तर वेबॅक मशीन या वेबपानं जशीच्या तशी जपणाऱ्या साईटवर ते पान साठवून ठेवा. फ्लेक्सचा फोटो काढा, आजूबाजूचा रस्ता आणि मैलाचा दगड दिसेल असा, तिथं लोकेशन चालू ठेवा, इथं ते उपयोगाचं आहे. हे डिजिटल पुरावे कोर्टात द्यायचे तर त्यासोबत प्रमाणपत्र लागतं, पूर्वी पुरावा कायद्याचं ६५ बी होतं, जुलै २०२४ पासून साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३. ते नंतर बघू, आत्ता गोळा करा.

मग साधा सभ्य मेसेज. निम्मी प्रकरणं तिथंच मिटतात, कारण मालकाला माहीतच नसतं, पेज सांभाळणाऱ्या पोरानं गुगलवरनं उचललेलं असतं. उत्तर नाही आलं तर इन्स्टाचा कॉपीराईट फॉर्म. त्यात भरलेलं नाव आणि ईमेल समोरच्याला कळतं, त्यामुळं कामाचा वेगळा ईमेल वापरा. त्यांच्या वेबसाईटसाठी होस्टिंग कंपनीला, म्हणजे जिच्या सर्व्हरवर ती साईट आहे तिला, कळवता येतं, आपल्या २०१३ च्या नियमात अशा लेखी तक्रारीवर ३६ तासात मजकूर बंद करायचाय, पण २१ दिवसात कोर्टाचा आदेश दाखवला नाही तर परत चालू करू शकतात. शेवटी नोटीस. कॉपीराईट कायद्याच्या कलम ६३ नं सहा महिने ते तीन वर्षं शिक्षा आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड आहे, पण पहिल्याच मेसेजला हे लिहू नका, उगा बाका प्रसंग होतो.

स्टुडिओवाला_कराड
आणि "काढून टाका" लिहायच्या आधी ठरव तुला काढायला लावायचंय का पैसे पाहिजेत. काढायला लावलंस तर ते काढतील आणि विषय संपला म्हणतील. मी असतो तर सरळ बिल पाठवलं असतं. पेजसाठी एक, जाहिरातीसाठी एक, फ्लेक्ससाठी एक, असं वेगवेगळं लाव, एकत्र आकडा सांगितला की माणूस घासाघीस करतो.

काळाकोट
बिलावर किती काळासाठी आणि कुठं वापरायचं ते लिहा. हक्क लिहून देताना मुदत लिहिली नाही तर कायदा पाच वर्षं धरतो आणि प्रदेश लिहिला नाही तर अख्खा भारत. आणि व्हॉट्सॅपवर "घ्या की, त्यात काय" असलं काही लिहून बसू नका, समोरचा तेच दाखवतो.

पठारवेडा
अपडेट देतो.

मेसेज हा पाठवला, कुणाला वापरायचा असेल तर खुशाल घ्या, यावर माझा हक्क नाही 😄

"नमस्कार. आपल्या पेजवर, जाहिरातीत आणि रस्त्यावरील फलकावर वापरलेला कास पठाराचा फोटो मी काढलेला असून त्याची मूळ फाईल माझ्याकडे आहे. तो वापरण्यासाठी माझी परवानगी घेतलेली नाही. आपणास फोटो वापरायचा असल्यास एका सीझनसाठी, माझ्या नावासह, सोबतच्या बिलाप्रमाणे परवानगी देऊ शकतो. नको असल्यास तिन्ही ठिकाणांहून आठ दिवसांत काढावा. कृपया लेखी कळवावे."

संध्याकाळी मॅनेजरचा फोन आला. माणूस गोड आहे. म्हणाला सर आमच्या डिझायनरनं गुगलवरनं घेतला, गुगलचा फोटो फ्री असतो असं त्याला वाटलं. मी म्हटलं गुगल नुसतं दाखवतं, मालक नाही. मग म्हणाला मालकांशी बोलतो, पण बिल वगैरे कशाला, तुम्ही फॅमिली घेऊन या, दोन दिवस राहा, चुलीवरचं मटण, आमच्याकडनं. फ्लेक्स राहू दे म्हणतो, खर्च झालाय. बायको मागनं खुणा करत होती हो म्हण हो म्हण.

मी म्हटलं लेखी कळवा, मग बोलू. अजून लेखी काही आलेलं नाही. पेजवरचा फोटो तेवढा रात्रीत गेलाय, फ्लेक्स आहे तिथंच आहे.

रानजाई
छान लिहिलाय मेसेज. बहिणीसाठी मी यातलाच थोडा बदलून पाठवते, बिलाऐवजी पोस्टर परत मागते.

कंदीपेढा
मटण तांबड्या रश्श्याचं का काळ्या? त्यावर ठरेल की.

काळाकोट
रस्सा कुठलाही असो, बिल फिटेपर्यंत तिकडं जेवायला जाऊ नका. ताट पुढं आलं की तोच मोबदला ठरला होता म्हणतील, आणि साक्षीदार म्हणून तुमच्या सौभाग्यवतींनाच बोलावतील.